हे वाच, आणि परत दे

पावसाळ्यात पौड मागे टाकून ताम्हिणीकडे निघालेल्या गाड्या मुळशीच्या पाण्यापाशी हमखास थांबतात. भाजलेलं कणीस, भजी, फोटो. त्या गर्दीत दहातला एखादा पाण्याकडे जरा जास्त वेळ बघत राहतो आणि विचारतो, "खाली गावं आहेत म्हणे?" आहेत. टाटा कंपनीच्या या धरणात मुळा-नीलेच्या खोऱ्यातली गावं गेली, भातखाचरं गेली, देवळं गेली. ते होऊ नये म्हणून 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "यावर वाचायला काय आहे?"

उत्तर माझ्याकडे तयार असतं. राजेंद्र व्होरा यांचं 'मुळशी सत्याग्रह' वाचा. इंग्रजी सोपं जात असेल तर याच विषयावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 2009 साली आलं, ते वाचा. आणि स्वतः या लढ्यात उतरलेल्या विनायकराव भुस्कुट्यांनीही 'मुळशी सत्याग्रह' याच नावाचं पुस्तक लिहून ठेवलंय, ते मिळालं तर सोडू नका. माणूस मान डोलावतो, फोनमध्ये नावं टिपून घेतो आणि धबधब्याकडे निघून जातो. माझा अनुभव असा की नावं टिपून नेणाऱ्यांपैकी वाचणारा विरळा. वाचतो तो, ज्याच्या हातात मी माझी प्रत ठेवतो आणि वर सांगतो की परत दे.

पुस्तक सांगणं आणि पुस्तक देणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असं हल्ली आपण धरून चालतो. मराठीत त्या फार काळ एकच होत्या. त्या कशा आणि कुठे सुटत गेल्या, त्याचा हा मागोवा.

सुरुवात शब्दापासून करू. 'शिफारस' हा फारसीतून आलेला शब्द, आणि त्याला अजून दरबाराचा वास आहे. वरच्या माणसाकडे खालच्यासाठी शब्द टाकणं म्हणजे शिफारस. ती नोकरीसाठी लागते, बदलीसाठी लागते, समितीच्या अहवालात असते. पुस्तकासाठी हा शब्द छापील मजकुरात दिसतो, घरात कोणी बोलत नाही. मराठी माणूस म्हणतो, "वाचलंयस का?" किंवा "वाचून बघ, मग बोलू." फारच आवडलं असेल तर नुसतं "हे वाच." 'हे' म्हणताना पुस्तक समोर असावं लागतं. नसेल तर 'ते वाच' म्हणावं लागेल, आणि 'ते' मध्ये 'हे'ची धार नाही.

छापखाना येण्याआधी पुस्तक सुचवणं हे अंगमेहनतीचं काम होतं. एखादा ग्रंथ दुसऱ्यानं वाचावा असं वाटलं तर वाटा तीनच होत्या. आपली पोथी त्याला द्यायची, बसून तिची नक्कल करून द्यायची, नाहीतर त्याला समोर बसवून वाचून दाखवायची. ज्ञानेश्वरी नऊ हजारांवर ओव्यांची. ती जुन्नरी कागदावर बोरूनं उतरवून काढणाऱ्याला 'मला आवडलं' असं वेगळं सांगायची गरज नव्हती. त्याची वाकलेली पाठ तेच सांगत होती.

म्हणूनच पोथी कोणाच्या हाती जाते याची धास्तीही मोठी होती. नक्कल संपली की नकलकार शेवटी एक ठरावीक संस्कृत श्लोक लिहीत. त्यात पोथी स्वतःच बोलते. तेलापासून मला जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप, आणि मूर्खाच्या हाती मला देऊ नको. पुस्तक, लेखणी आणि बायको परक्याच्या हाती गेली की गेलीच, असं बजावणारं सुभाषितही त्याच काळजीतून आलेलं. त्यात बायकोला वस्तूंच्या रांगेत बसवलंय, ते त्या काळाचं. पुस्तकाबद्दलची भीती मात्र आजही जशीच्या तशी लागू आहे.

या धास्तीचं टोक महानुभाव पंथानं गाठलं. मराठी गद्याची सुरुवात ज्याच्या 'लीळाचरित्रा'पासून सांगतात त्या पंथानं आपले ग्रंथ पुढे सांकेतिक लिप्यांमध्ये लिहायला घेतले. सकळ, सुंदरी अशी त्या लिप्यांची नावं. ग्रंथ अधिकारी माणसाच्याच हाती पडावा, बाकीच्यांना अक्षरही लागू नये. विसाव्या शतकात वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीची किल्ली शोधून काढली तेव्हा कुठे हा खजिना बाहेरच्यांना वाचता आला. पुस्तकावर जीव आहे म्हणून ते लपवणं, हीसुद्धा आपल्याकडची एक जुनी रीत आहे. कपाटाला कुलूप घालणारे आजचे संग्राहक त्याच घराण्यातले.

दुसरं घराणं वारकऱ्यांचं. ज्ञानेश्वरी 1290 सालची. नामदेवांच्या नावानं जो अभंग घरोघर म्हटला जातो त्यात या ग्रंथाचं मोठेपण सांगून झाल्यावर वाचणाऱ्यापुढे अट फार लहान ठेवलीय. सगळा झेपत नसेल तर राहू दे, एखाद्या ओवीचा अनुभव तरी घे. पुस्तक सुचवण्याची ही रीत मला फार शहाणी वाटते. ती वाचणाऱ्याच्या सवडीचा आणि कुवतीचा विचार करते. मराठीत 'निदान एवढं तरी वाच' हा सूर तेव्हापासून आहे. आजही कोणी जाड कादंबरी हातात देताना म्हणतं, "पहिली पन्नास पानं तरी काढ," तेव्हा बोलणाऱ्याला ठाऊक नसतं की तो नामदेवांच्या पायवाटेनं चाललाय.

पण एखादा ग्रंथ सगळ्यांनी वाचा म्हणायचं, तर कोणता पाठ वाचायचा? नकला करता करता चुका शिरतात, भाविक आपल्या ओव्याही घुसडतात. 1584 साली एकनाथांनी प्रती ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि शेवटी ताकीद दिली की यात कोणी आपली ओवी घालील तर ते अमृतानं भरलेल्या ताटात करवंटी ठेवण्यासारखं होईल. चांगलं पुस्तक सांगणाऱ्यानं चांगली प्रतही सांगायला हवी, हा धडा नाथांचा. भलत्याच संक्षिप्त आवृत्तीवरून एखाद्या लेखकाबद्दल मत करून बसलेली माणसं भेटली की त्याची आठवण येते.

पुढे पोथ्यांना फलश्रुती आली. हा ग्रंथ कोणी वाचावा, कसा वाचावा, किती दिवसांत संपवावा, संपल्यावर पदरात काय पडेल, हे ग्रंथाच्या शेवटीच लिहिलेलं. आज पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर जो मजकूर असतो, ज्याला आपण पाठराखण म्हणतो, त्याची ही पणजी. श्रीधरांचं 'शिवलीलामृत' 1718 साली आपल्याच पुणे जिल्ह्यात, बारामतीला लिहून पुरं झालं. ज्यांना सबंध ग्रंथ होत नाही ते रोज त्याचा अकरावा अध्याय तेवढा वाचतात. पुन्हा तेच, निदान एवढं तरी. फलश्रुतीत अतिशयोक्ती भरपूर असते, पण तिचा प्रामाणिकपणाही लक्षात घ्यावा. ती पुस्तकाच्या शेवटी असते. सगळं ऐकून झाल्यावरच फळ सांगितलं जातं. पाठराखण मात्र आधी वाचायची असते.

मावळात भाताची आवणी उरकली, श्रावण लागला की देवळात पोथी लावतात. 'लावतात' हे क्रियापद बघा. पोथी कोणी एकटा वाचत नाही, ती गावासाठी लावली जाते, जसा दिवा लावतात. एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही पांडवप्रताप तोंडपाठ असे तो यामुळे. यंदा कोणती पोथी लावायची यावर आधी बोलणं होतं, कोणी हरिविजय म्हणतो, कोणी नवनाथ. गावानं मिळून एक पुस्तक निवडायचं आणि महिनाभर एकत्र ऐकायचं. वाचकमंडळ हा शब्द यायच्या कितीतरी आधी ते आपल्याकडे देवळाच्या सभामंडपात भरत होतं.

छापखान्यानं हे गणित बदललं. प्रती वाढल्या, स्वस्त झाल्या, आणि पहिल्यांदाच असा माणूस निर्माण झाला जो पुस्तक न देता नुसता त्याबद्दल बोलू शकत होता. 1832 साली बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं. 1848 साली पुण्यात वाचनालय उभं राहिलं, आजचं पुणे नगर वाचन मंदिर. त्यामागे असलेले लोकहितवादी त्याच वर्षी 'प्रभाकर' पत्रातून शतपत्रं लिहू लागले. पेशव्यांच्या काळापासून विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेतला काही पैसा मराठी ग्रंथांसाठी वळवावा, अशी मागणी तरुण पुणेकरांनी केली आणि 1851 साली दक्षिणा प्राइज कमिटी आली. चांगल्या पुस्तकाला बक्षीस. आता पुस्तक चांगलं की वाईट हे समिती ठरवणार.

आणि समिती आली की समितीत कोण बसलंय हा प्रश्न आला. जोतीराव फुल्यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' नाटक लिहून याच कमिटीकडे दिलं. ते नाकारलं गेलं. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहामुळे नाकारलं गेलं, असं त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं. 1878 साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकारानं पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. 1885 साली दुसरी सभा भरताना फुल्यांना बोलावणं गेलं, तेव्हा त्यांनी पत्रानं नकार कळवला. ज्यांच्या पुस्तकांत आमच्या लोकांच्या हक्कांचा विचारच नाही त्यांच्या सभेशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय. आज साहित्य संमेलनाचा इतिहास सांगताना हे पत्र टाळून पुढे जाता येत नाही.

मग फुल्यांनी आपलं पुस्तक लोकांपर्यंत कसं नेलं? जुन्याच वाटेनं. 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून झाला, आणि तो त्यांनी गावोगाव वाचून दाखवला. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर. सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला. पुस्तक त्यांच्या हयातीत सबंध छापून निघालं नाही, तरी ज्यांच्याबद्दल ते लिहिलं होतं त्यांच्या कानांवर ते गेलं. पोथी लावायच्या रीतीला फुल्यांनी असं वेगळ्याच कामाला जुंपलं.

शहरी वाचकांसाठी तोवर नियतकालिकं स्थिरावली होती. 'विविधज्ञानविस्तार' 1867 सालचं, 'निबंधमाला' 1874 सालची. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी मालेत वाचनावर लिहिलं, ग्रंथांवरच्या टीकेवर लिहिलं आणि पुण्यात किताबखाना नावाचं पुस्तकांचं दुकानही काढलं. म्हणजे सांगणारा स्वतः विकायलाही बसला. याच काळात मराठी संपादकांनी एक अजब शब्दप्रयोग रूढ केला, 'साभार पोच'. परीक्षणासाठी आलेलं पुस्तक बरं वाटलं तर त्यावर लेख, मध्यम वाटलं तर चार ओळींचा अभिप्राय, आणि काहीच बोलायचं नसेल तर नाव, किंमत, पानं आणि साभार पोच. पुस्तक मिळालं, आभारी आहोत. न सुचवण्याची इतकी सभ्य रीत मी दुसरी पाहिलेली नाही. कवी मंडळी साभार पोचेला किती घाबरत ते कोणत्याही जुन्या कवीला विचारावं.

नियतकालिकांतल्या अशा शेकडो परीक्षणांपेक्षा एका माणसानं एका मुलाच्या हातात ठेवलेलं एक पुस्तक मोठं ठरलं. मुंबईच्या चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज वाचत बसलेला दिसे. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे शिक्षक आणि लेखक तिथे येत. त्यांनी चौकशी केली, ओळख वाढली. हा मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला म्हणून वस्तीतल्या लोकांनी सत्कार ठेवला, तेव्हा केळुसकरांनी त्याला आपण लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र भेट दिलं. 1898 साली प्रसिद्ध झालेलं हे पुस्तक. मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. 'द बुद्ध अँड हिज धम्म' साठी 1956 साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हा प्रसंग सांगितला आहे, आणि आपण बुद्धाकडे वळलो ते या पुस्तकामुळे असं म्हटलं आहे. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोकांनी त्यांच्यासोबत धम्मदीक्षा घेतली. केळुसकरांच्या हातून पुस्तक गेलं त्याला तेव्हा जवळजवळ अर्धशतक झालं होतं. मराठीत कोणी कोणाला 'हे वाच' म्हणाल्याचं याहून मोठं फळ माझ्या माहितीत नाही. आणि केळुसकर तेव्हा काय म्हणाले असतील यापेक्षा त्यांनी काय केलं ते महत्त्वाचं. बागेत बसलेला मुलगा आधी पाहिला, मग त्याला पुस्तक दिलं.

त्याच सुमारास पुस्तक देणं धोक्याचंही झालं होतं. सावरकरांचं 1857च्या समरावरचं पुस्तक निघण्याआधीच सरकारनं त्यावर बंदी घातली. 1909 साली इंग्रजी आवृत्ती निघाली ती दुसऱ्याच पुस्तकांची वेष्टनं चढवून हिंदुस्थानात आणली गेली. 'काळ' पत्राचे संपादक शिवराम महादेव परांजपे यांच्या निवडक निबंधांची पुस्तकं जप्त झाली. विलायतेत शिकायला गेलेले पांडुरंग महादेव बापट पॅरिसमध्ये बाँबची कृती मिळवून तिच्या प्रती करून घेत होते, आणि त्या प्रती गुपचूप इकडे आल्या. ते काही वाचनाच्या आनंदासाठी सुचवलेलं पुस्तक नव्हतं, पण हातातून हातात जाणारा छापील कागद सरकारला किती घाबरवू शकतो हे त्यातून दिसलं. 'जप्त' हा शिक्का बसलेलं पुस्तक तरुण आधी मागत. बंदी घालणाऱ्यानं नकळत केलेलं हे 'हे वाच'. अशी प्रत देणारा तुरुंगाची जोखीम घेऊन देत होता आणि घेणाराही ते जाणून घेत होता. पुस्तक वाचून पुढे द्यायचं, घरात ठेवायचं नाही. परत देण्याच्या नियमाला अपवाद झाला तो इथेच.

हे बापट आणि हे परांजपे, दोघंही पुढे मुळशीच्या लढ्यात भेटतात. बापटांना 'सेनापती' ही पदवी इथेच मिळाली. 1924 साली बांधकामाकडे जाणारी गाडी अडवून गोळीबार केल्याबद्दल त्यांना सात वर्षांची सजा झाली. परांजप्यांनी 1922 साली या सत्याग्रहात सहा महिन्यांचा तुरुंगवास सोसला. लढा हरला. पाणी भरलं आणि बोगद्यातून घाटाखाली भिऱ्याला गेलं. 1927 पासून तिथल्या वीजघरातली वीज मुंबईला जाऊ लागली. गिरण्यांना गेली तशी घरांनाही गेली. मराठी मासिकांच्या भरभराटीच्या त्या दशकांत मुंबईतल्या ज्या दिव्यांखाली रात्री कादंबऱ्या वाचल्या गेल्या, त्यांतल्या कितीतरी दिव्यांना मुळशीच्या पाण्याचा उजेड होता. मुळशीकराला पुस्तक मात्र पुण्याहून आणावं लागत होतं.

गावापर्यंत पुस्तक न्यायचं कसं याचं एक उत्तर बडोद्यानं शोधलं होतं. सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावलं आणि संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. त्यात फिरत्या पेट्या होत्या. निवडक पुस्तकांची लाकडी पेटी गावात जायची, वाचून झाली की पुढच्या गावाला. पेटी ही मोठी शहाणी वस्तू. यादीत हजार नावं मावतात, पेटीत मोजकीच पुस्तकं मावतात, त्यामुळे भरणाऱ्याला विचार करावा लागतो. शंभर वर्षांनी नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं 2009 साली विनायक रानडे यांच्या कल्पनेतून 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं तेव्हा पुन्हा पेटीच निघाली. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाकडे. ती महाराष्ट्र ओलांडून दुबईच्या मराठी घरांतही गेली. फोनवर हवं ते मिळण्याच्या काळातही लोकांना पेटी हवीशी वाटते, कारण ती कोणीतरी हातानं भरलेली असते.

सरकारनं 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि गावोगाव अ, ब, क, ड वर्गांची वाचनालयं अनुदानावर उभी राहिली. त्याबरोबर 'शासनमान्य ग्रंथांची यादी' आली. यादीत नाव आलं की प्रकाशकाचा जीव भांड्यात पडतो. खेड्यातल्या वाचनालयात कपाटं भरली ती बरीचशी या यादीमुळे, हे मान्य करायलाच हवं. पण यादी कोणाला ओळखत नाही. ओळखतो तो टेबलामागे बसलेला ग्रंथपाल. तुटपुंज्या पगारावर तो वर्षानुवर्षं बसतो, आणि एखाद्या संध्याकाळी खणातून पुस्तक काढून म्हणतो, "तुमच्यासाठी बाजूला ठेवलंय." त्या वाक्याची सर कोणत्याही पुरस्काराला नाही.

वाचनालयातली पुस्तकं स्वतःही बोलतात. मागच्या पानावर परतीच्या तारखांची चिठ्ठी असते. शिक्के दाटीवाटीनं असले तर न बोलता कळतं. आणि समासात पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, 'अप्रतिम', 'अवश्य वाचा', 'शेवट पटला नाही', आणि कुठल्या तरी उनाड पोराचं 'खरी गंमत पान 72 वर'. पान 72 वर 'पान 15 बघा'. पान 15 वर 'तुला उद्योग नाही का?' ग्रंथपाल यावर चिडतात, आणि ते बरोबरच आहे. पण अनोळखी वाचकानं अनोळखी वाचकासाठी ठेवलेल्या या खुणांइतकं निःस्वार्थ मत कुठे मिळतं?

शहरात याच काळात पुस्तकांबद्दल बोलणं हा एक स्वतंत्र व्यवहार झाला. 1964 साली मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळ्यांनी 'ललित' काढलं, पुस्तकांचं मासिक. त्यात जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या नावानं लिहीत आणि एकमेकांची पाठ खाजवणाऱ्या लेखकांना गुदगुल्या करून रडवत. स्तुती स्वस्त झाली की तिची टवाळी करणारा लागतो, आणि मराठीला तो वेळेवर मिळाला. 1970च्या दशकात दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी 'ग्रंथाली'ची वाचक चळवळ उभारली. दया पवारांचं 'बलुतं' 1978 साली ग्रंथालीनं काढलं. ते पुस्तक लोकांनी एकमेकांना दिलं तेव्हा देताना आवाज खाली येत असे, असं त्या पिढीतले वाचक सांगतात. गोविंदराव तळवलकर 'वाचता वाचता' मधून इंग्रजी पुस्तकांची ओळख करून देत राहिले. आणि सतीश काळसेकरांनी 'वाचणाऱ्याची रोजनिशी' लिहिली. सगळं पुस्तक इतरांच्या पुस्तकांविषयी. त्याला 2013 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. स्वतः कवी असलेल्या माणसाला असा सन्मान मिळावा तो वाचक म्हणून, ही मराठी वाचकांनाच मिळालेली दाद होती.

2017 साली महाबळेश्वरजवळच्या भिलारला 'पुस्तकांचं गाव' केलं. स्ट्रॉबेरीच्या गावात घराघरांत पुस्तकं मांडली. कोणाच्याही ओसरीवर बसा, वाचा, निघा. तिथे पुस्तक घरी नेता येत नाही, पण घरमालक चहा विचारतो. पोथी लावायच्या सभामंडपापासून भिलारच्या ओसरीपर्यंत ही एक सरळ ओळ काढता येते.

आता मुळशीत काय आहे? तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडीच्या काचेच्या इमारती आणि दुसऱ्या टोकाला घनगडाखालची पावसात तुटणारी गावं. सकाळी फोन उघडला की निदान पाच पुस्तकांच्या कव्हरांचे फोटो येतात, खाली 'मस्ट रीड'. मी वाईट मानत नाही. त्यातून मलाही पुस्तकं कळली आहेत. पण एक गोष्ट खटकते. सुचवणाऱ्याचं त्यात काहीच जात नाही. नकलकाराची पाठ वाकत होती, फुल्यांचा घसा बसत असेल, केळुसकरांची प्रत गेली, जप्त पुस्तक देणाऱ्याची झोप गेली, ग्रंथपाल बोलणी खाऊन पुस्तक खणात दडवत होता. जेवढं आपलं जातं तेवढं वजन आपल्या शब्दाला येतं, असा या सगळ्या मागोव्याचा हिशेब निघतो. हिशेब जुनाट असेल, पण मला अजून त्याच्यात चूक सापडलेली नाही.

माझी 'मुळशी सत्याग्रह'ची प्रत आतापर्यंत चौघांकडे जाऊन आली. पहिल्यानं चहाचं वर्तुळ उमटवून आणली, दुसऱ्यानं कव्हर घालून. तिसऱ्यानं वर्षभर ठेवली आणि परत देताना आजोबांच्या बुडालेल्या गावाचं नाव ज्या पानावर आहे तिथे बसचं तिकीट ठेवलं. ते मी काढलेलं नाही. चौथा धरणाच्या कडेला भेटलेला, हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा. त्यानं पुस्तक दिलं आणि पुन्हा आठवड्यानं मागून नेलं, बायकोला वाचायचंय म्हणून. ते अजून आलेलं नाही.

मध्यंतरी शहाणपण सुचून अप्पा बळवंत चौकातून मी याच पुस्तकाची आणखी एक प्रत आणली. ही कोणालाही द्यायची नाही असं ठरवलं, आतल्या पानावर नाव घातलं, तारीख घातली. ती कपाटात आहे. पानं पांढरी, बांधणी घट्ट, तेल लागलेलं नाही की पाणी. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही.